घोटा मुरगळला तर गुडघ्यापर्यंत एक्स-रे कशाला?

नाही हो, बिल फुगवायला नाही. तुम्ही लिहिलंय की वडील खानापूर रोडवर गाडीवरून घसरले, पाय पिळला, सूज सगळी घोट्याला. तरी डॉक्टरांनी लिहून दिलं, गुडघ्यासकट नडगीचा एक्स-रे, दोन बाजूंनी. मी बेळगावात एक्स-रे टेक्निशियन आहे. टेबलावर झोपलेला पेशंटही हेच विचारतो.

नडगीचं जाड हाड टिबिया, बाहेरच्या अंगाचं बारीक ते फिब्युला. दोन्हींच्या मध्ये चिवट पडदा ताणलेला असतो. पाऊल बाहेर पिळलं गेलं की कधीकधी घोट्याचे लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारे पट्टे, फाटतात, जोर त्या पडद्यातून वर चढतो आणि फिब्युला मोडतं ते थेट गुडघ्याखाली. मेझोनव या फ्रेंच सर्जननं 1840 मध्येच हे मांडलंय. नुसत्या घोट्याचा फोटो काढला तर कधीकधी एकही हाड मोडलेलं दिसत नाही. पेशंट क्रेप बँडेज बांधून घरी, आणि घोटा आतून सुटलेला! शिवाय वर जिथं मोडतं तिथंच हाडाला वळसा घालून एक नस (मज्जातंतू) जाते, ती दुखावली नाही ना हे बघायला डॉक्टर पायाचा अंगठा वर उचलायला सांगतात.

तेव्हा लांब हाड म्हटलं की वरचा-खालचा दोन्ही सांधे हवेतच. चित्र टिपणाऱ्या 14 बाय 17 इंची प्लेटवर पाय तिरपा ठेवला की बहुतेकांचा मावतो. तालमीतला उंच गडी आला तर दोनदा काढावा लागतो, त्याचे पैसे जास्त होतात हे खरं. समोरून घेताना गुडघ्याची वाटी छताकडे. बाजूनं घेताना पेशंटला कुशीवर वळवतात, पण हाड मोडल्याचा संशय असेल तर पाय नाही, किरण सोडणारी ट्यूब वळवायची: ती आडवी करून प्लेट दोन पायांच्या मध्ये उभी. नातेवाईक “वळवा की ओ जरा” म्हणत पाय धरायला येतात, त्यांना मी सरळ बाहेर काढते.

मांडीचं हाड एका प्लेटवर सहसा मावत नाही. खुबा वेगळा, गुडघा वेगळा. खुब्याला एरवी पाऊल 15 अंश आत वळवतो, म्हणजे हाडाची मान पूर्ण लांबीनं दिसते. पण पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचा पाय आखूड होऊन बाहेर कलंडलेला दिसला की त्याला हात लावायचा नाही.

किरणांचं म्हणाल तर हातापायाच्या एक्स-रेला डोस फारच थोडा.

वडिलांच्या फिल्मवर एका टोकाला गुडघा, दुसऱ्या टोकाला घोटा आहे का, तिथंच उजेडात धरून बघा. नसेल तर घरी यायच्या आधी विचारा.