कुत्र्याला घेऊन ॲरिझोना-युटाची वाळवंटातली पार्कं कारने फिरता येतात का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की एल.ए.हून (लॉस एंजेलिसहून) निघून नऊ दिवसांत जोशुआ ट्री, आर्चेस, झायन आणि जमलं तर ग्रँड कॅन्यन ही नॅशनल पार्कं, माणसं पाच, सोबत चार वर्षांचा लॅब्रॅडॉर आणि एक मांजर, आणि शेवटी "कुत्रा सगळीकडे चालतो ना?" हे शेवटचं वाक्य वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. कारण हेच वाक्य, अगदी ह्याच सुरात, माझे मोठे दीर तीन वर्षांपूर्वी बोलले होते. तेव्हापासून आमच्या घरात तो वाद चालू आहे आणि कुणी मिटवायला तयार नाही, मी तर नाहीच.

तर उत्तर आधी देऊन टाकते. कुत्रा पार्कात नेता येतो, पण ज्यासाठी तुम्ही पार्कात जाताय तिथे बहुतेक ठिकाणी नेता येत नाही. गाडीरस्ता, पार्किंग, कॅम्पग्राउंड, पिकनिकची जागा, तेही सहा फुटांच्या आतल्या लीशवर. ट्रेलवर नाही. आर्चेसमध्ये तर एकाही ट्रेलवर नाही. आणि खांबाला बांधून "आलोच पाच मिनिटांत" हेही नियमात बसत नाही. अपवाद आहेत, आणि चांगले आहेत, पण त्यातले सगळ्यात चांगले तुमच्या यादीत नाहीत. आमच्याही नव्हते.

आम्ही एप्रिलमध्ये गेलो होतो. मी, नवरा, भाऊजी, वहिनी, दोन पुतणे आणि आमची ठकी, सगळे एका भाड्याच्या व्हॅनमध्ये. ठकी शेल्टरमधून आणलेली, तपकिरी, एकोणीस किलोची, जात विचाराल तर जरा सगळ्याच. नियम मी जानेवारीतच वाचून फॅमिली ग्रुपवर टाकले होते. भाऊजींचं उत्तर आलं, "अगं अमेरिकेत कुत्र्यांना सगळीकडे नेतात, बँकेत पण बिस्किट देतात." त्यावर चार जणांनी हसरे चेहरे टाकले आणि विषय संपला. तो मेसेज मी अजून जपून ठेवलाय.

पहिल्याच दिवशी जोशुआ ट्रीमध्ये चोया गार्डन. चोया म्हणजे एक निवडुंग, दिसायला मऊ लोकरीचं झाड, लांबून वाटतं जाऊन कुरवाळावं, टेडी बेअर चोया असंच नाव आहे त्याचं. त्याचे गोळे तुटून खाली पडतात आणि वाऱ्याने कुठेही जातात. तिथल्या ट्रेलवर कुत्र्याला बंदी आहे म्हणून मी शहाण्यासारखी पार्किंगमध्येच उभी होते, तर पार्किंगच्या कडेलाच लिंबाएवढा एक गोळा पडलेला आणि ठकीने नेमका त्याच्यावर पाय दिला. कुत्रा अशा वेळी काय करतो? तोंडाने काढायला जातो. आता अर्धा गोळा पंजात आणि अर्धा ओठात. ह्या काट्यांना टोकाशी उलटे बारीक दात असतात, आत जातात सहज, बाहेर येताना कातडी ओढून घेऊन येतात, आणि ती बिचारी ओरडतसुद्धा नव्हती, नुसती थरथरत माझ्याकडे बघत होती, तोंड उघडलं तर टोचतंय आणि मिटलं तरी टोचतंय. भाऊजी म्हणाले "सरक, एका झटक्यात ओढतो" आणि त्यांनी हाताने ओढलं. मग गोळा भाऊजींच्या बोटांना. पुतणे हसले, मीही हसले असते पण वेळ नव्हती.

काम केलं वहिनींनी. पर्समधून लाकडी फणी काढली, गोळा आणि कातडी यांच्यामध्ये फणीचे दात सरकवले आणि बाहेरच्या बाजूला खाडकन उडवला. आधी ठकीचा, मग भाऊजींचा. मागे राहिलेले सुटे काटे मी चिमट्याने एकेक काढले, पंजातून अकरा आणि ओठातून चार, नवऱ्याने तिचं डोकं मांडीत घट्ट धरलं होतं. फणीचे तीन दात तुटले. ह्या ट्रिपच्या कहाण्या सांगताना वहिनींचं नाव कुणी घेत नाही म्हणून मी इथे घेतेय. रुंद दातांची फणी आणि चिमटा गाडीच्या डिकीत नको, खिशात ठेवा. बाकी सामानाची यादी तुम्हाला कुठेही मिळेल.

त्या रात्री मोटेलवर भाऊजींनी नवीन आयडिया काढली, ऑनलाइन "सर्व्हिस डॉग" लिहिलेलं जॅकेट मिळतं, ते घालू, कोण विचारतंय. हे करू नका. खऱ्या सर्व्हिस डॉगला माणसाच्या अपंगत्वासाठी ठरावीक काम शिकवलेलं असतं, त्याला ट्रेलवर परवानगी असते, आणि तुमच्यासारखे-आमच्यासारखे फुकटे जॅकेट घालून फिरतात म्हणून खऱ्या गरजूला रेंजर दहा प्रश्न विचारतो. इमोशनल सपोर्टवाले, म्हणजे नुसत्या मानसिक आधारासाठीचे, प्राणी तिथे साधं पाळीवच धरतात. आणि नियम उगाच नाहीत. कुत्र्याचा नुसता वास आला तरी तिथले प्राणी जागा सोडतात, आणि आर्चेस-कॅन्यनलँड्सकडे जी काळपट खरबरीत माती दिसते ती जिवंत असते, सायनोबॅक्टेरिया आणि शेवाळ्यांचा थर, एक पाऊल पडलं की सावरायला वर्षानुवर्षं लागतात. हे मी तेव्हा मोटेलमध्ये सांगितलं तर भाऊजी म्हणाले "माती जिवंत असते तर आपण तरी कशाला चाललोय." ह्याला काय उत्तर देणार.

मग युटातलं मोआब गाव, आणि त्याच्या शेजारचं आर्चेस. डेलिकेट आर्च ही तिथली प्रसिद्ध दगडी कमान, तिचा ट्रेल जाऊन-येऊन तीन मैल, चढ ४८० फूट, फोटो काढत गेलं तर अडीच तास. बाहेर ८० फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे आपल्याला छान हवा. पार्किंगमध्ये भाऊजी म्हणाले, काचा दोन बोटं खाली कर, एसी चालू ठेव, झोपेल ती. मी म्हटलं नाही. ते म्हणाले कुत्रा आहे तो, आपल्याकडे कुत्री उन्हातच असतात. मी म्हटलं ती सावलीला जातात, त्यांना कुणी पेटीत कोंडत नाही.

हा मुद्दा जरा नीट लिहिते कारण तुमच्याकडेही कुणीतरी हे बोलणार आहे. बाहेर ८० असेल तर बंद गाडीत दहा मिनिटांत शंभरीला टेकतं, अर्ध्या तासात ११० च्या वर. काच थोडी खाली केल्याने जवळपास काहीच फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकून तो अंग थंड करतो, आणि आतली हवाच तापली की धापेचा उपयोग संपतो. राहिला एसी. बिनचावीच्या कितीतरी गाड्या ठरावीक वेळ कुणी हात लावला नाही तर इंजिन आपणहून बंद करतात, आणि भाड्याची गाडी त्यातली आहे की नाही हे तुम्हाला कधी कळणार? परत आल्यावर.

तर मी राहिले. नवरा माझ्याकडे बघून "मी थांबू का" असं विचारल्यासारखं करून भावाबरोबर गेला. तो वेगळा विषय आहे, त्याच्यावर आमचं बोलणं झालंय.

पार्किंगमध्ये सावली नव्हती म्हणून मी व्हॅन घेऊन एसी लावून पार्कातला अठरा मैलांचा रस्ता धरला. ठकी पुढच्या सीटवर, पंजाला बँडेज, बॅलन्स्ड रॉकपाशी तिने मान वर करून बघितलं आणि परत झोपली. मजेत होतो दोघी. परत यायला मला वीस मिनिटं उशीर झाला, तिथे फोनला रेंज नव्हती, आणि ही सगळी मंडळी खाली उतरून पार्किंगमध्ये माझी वाट बघत उभी. भाऊजी लालबुंद. "अगं उन्हात उभे आहोत आम्ही वीस मिनिटं!" वीस मिनिटं. मोकळ्या हवेत, डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली. आणि ठकीने अडीच तास काचेच्या पेटीत बसायचं होतं. हे मी तेव्हा बोलले नाही, पुतणे समोर होते. तीन वर्षं दर गणपतीत आणि दर दिवाळीत "हिच्या कुत्रीने अर्धी ट्रिप खाल्ली" ऐकतेय, म्हणून आज इथे बोलतेय.

अर्धी खाल्ली म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी डेड हॉर्स पॉइंटला ठकी आमच्याबरोबर कड्याकडेने चालली, खाली दोन हजार फुटांवर कोलोराडो नदीचं वळण, आणि भाऊजींचे सगळ्यात चांगले फोटो तिथलेच आहेत, एकात ठकीची शेपटी पण आलीय. ते स्टेट पार्क आहे, तिथल्या चालायच्या ट्रेलवर लीशसकट कुत्रा चालतो, फक्त सायकलच्या ट्रेलवर नाही. आणि त्याआधी आय-४० हायवेवर वाटेत लागलं म्हणून पेट्रिफाइड फॉरेस्टला थांबलो होतो, कुणाच्या यादीत नसलेलं पार्क, आणि तिथे प्रत्येक ट्रेलवर कुत्रा चालतो. ब्लू मेसाची निळी-जांभळी पट्टेरी टेकडी, वीस कोटी वर्षांहून जुने दगड झालेले ओंडके, आणि मध्ये ठकी प्रत्येक ओंडका हुंगत चाललेली, झाड असून झाडाचा वास का नाही हे तिला कळेना. दगडाचा तुकडा मात्र खिशात घालू नका, पुतण्याला मी परत ठेवायला लावला.

झायनचं सांगते थोडक्यात. कुत्र्याला फक्त पारुस ट्रेल, नदीकाठचा, पक्का, सपाट, सुंदर आहे. पण पार्काच्या शटल बसमध्ये कुत्रा घेत नाहीत आणि शटल चालू असताना मुख्य कॅन्यनमध्ये खाजगी गाडी जाऊ देत नाहीत, म्हणजे कुत्र्याबरोबर जो असेल त्याने एंजल्स लँडिंगचा प्रसिद्ध ट्रेल विसरायचा. आणि नदीचं पाणी त्याला पिऊ देऊ नका, विषारी सायनोबॅक्टेरिया सापडलेत, २०२० मध्ये एक पिल्लू दगावलं होतं. लॅब आणि पाणी दिसल्यावर न उतरणं, बघा तुम्हीच.

ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम त्यामानाने सोपा. कड्यावरच्या ट्रेलवर लीशसकट चालतो, कड्याखाली नाही. आणि तिथे पार्कातच केनेल, म्हणजे प्राणी सांभाळायची जागा, आहे, मांजरंही घेतात, लसीचे कागद लागतात, जागा आधी बुक करा. मोआबलाही डे-केअर मिळतं. ते मला तेव्हा माहीत नव्हतं, नाहीतर मीही डेलिकेट आर्च बघितली असती, एवढं मान्य करते.

माझं मत विचाराल तर आर्चेस ह्या खेपेला सोडा, त्याच्याऐवजी पेट्रिफाइड फॉरेस्ट आणि व्हाइट सँड्स करा. व्हाइट सँड्स न्यू मेक्सिकोत आहे, लांब पडेल, पण आम्ही दोघं गेल्या वर्षी फक्त ठकीला घेऊन गेलो. पांढरी वाळू जिप्समची, ती साध्या वाळूसारखी तापत नाही, टेकड्यांवर कुत्र्याला पूर्ण परवानगी. ठकी पहिल्या टेकडीवरून खाली लोळत गेली आणि स्वतःच वर येऊन परत लोळली. लीश माझ्या हातात होता, म्हणजे जवळपास मीही लोळले. सावली आणि पाणी मात्र आत ट्रेलवर औषधालाही नाही, आणि शेजारच्या मिसाइल रेंजच्या चाचणीसाठी कधीकधी रस्ता बंद ठेवतात, निघायच्या दिवशी बघून निघा.

मांजर घरी ठेवा. कारण विचारू नका, मला मांजरातलं काही कळत नाही, पण नऊ दिवस पाच माणसं आणि एक लॅब असलेल्या गाडीत मी मांजर असते तर मला आवडलं नसतं.

हां, आणि हे राहिलंच. मी जे सांगतेय ते एप्रिलचं आणि लांब नाकाच्या कुत्रीचं. जून ते सप्टेंबर असेल किंवा पगसारखं चपटं नाक असेल तर नेऊच नका, सरळ प्राण्यांच्या बोर्डिंगमध्ये ठेवा. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला चटका तर त्यालाही चटका. हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चालताना झोकांड्या असं दिसलं तर तिथेच अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि व्हेटकडे पळा. आणि परत आल्यावर काही आठवड्यांनी खोकला किंवा लंगडणं सुरू झालं तर व्हेटला ॲरिझोनाला गेलो होतो हे आवर्जून सांगा, तिथल्या धुळीत व्हॅली फीव्हर नावाच्या आजाराची बुरशी असते. नियम बदलत असतात, प्रत्येक पार्काच्या साइटवर पाळीव प्राण्यांचं पान आहे, ते वाचा आणि फॅमिली ग्रुपवर टाका. टाकल्यावर कुणी बिस्किटाचा जोक केला तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं, कुत्र्याबरोबर मागे कोण राहणार हे घरून निघायच्या आधी ठरवा, दर पार्काला वेगळं माणूस, नाव लिहून. नाहीतर ज्याने कुत्रा आणला तोच नऊ दिवस पार्किंगमध्ये. भाऊजी येत्या एप्रिलला परत जाऊ म्हणतायत, युटातल्या ब्राइस कॅन्यनला. मी परवाच ग्रुपवर पाळ्यांची यादी टाकली, पहिल्या दिवशी त्यांचं नाव. निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.