उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. इंदूरची शाळा, नववी ते बारावी, नवाकोरा इको क्लब, चाळीस मुलं आणि जुलैत दोनशे रोपं लागलीच पाहिजेत असा प्राचार्यांचा आदेश. झाडं कोणती घ्यावीत, असं तुम्ही विचारलंय. झाडांचं मागाहून बघू. मे महिन्यात पाणी कोण घालणार, ते आधी सांगा.

मी एकवीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं इको क्लब माझ्याच गळ्यात होता. पहिल्या वर्षी आम्हीही शंभरावर रोपं लावली. बॅनर, पाहुणे, फोटो, सगळं झालं. सुट्टीनंतर जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा जगलेली झाडं मोजायला दोन हातांची बोटं पुरली. एक वाळलेलं रोप मी उपटून पाहिलं, तर मुळांभोवती नर्सरीची काळी पिशवी तशीच! पिशवी फाडून लावा, हे मुलांना सांगायचं मीच विसरले होते. आणखी अकरा रोपांखाली तेच निघालं.

तुमच्या प्राचार्यांच्या आकड्यामागे काय आहे, ते मला कळतं. २०२४ च्या जुलैत इथल्या रेवती रेंज टेकडीवर एका दिवसात ११ लाखांहून जास्त रोपं लागली, गिनीजमध्ये नोंद झाली, तेव्हापासून इंदुरात शंभरच्या खाली कुणी बोलतच नाही. पण तिथे मागे अख्खी यंत्रणा होती. तुमच्याकडे एक माळी आहे, आणि तोही बहुधा शिपायाची कामं करून उरलेल्या वेळात माळी.

हिशेब करून बघा. आपल्याकडच्या मे महिन्यात लहान रोपाला आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा लिटर पाणी लागतं. पंचवीस रोपांना आठवड्याला साडेसातशे लिटर, ते जमतं. दोनशे रोपांना सहा हजार. शिवाय हे पाणी नर्मदेचं, सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी घाट चढवून आणलेलं. तेव्हा प्राचार्यांना सांगा, पंचवीस. ऐकलं नाही तर चाळीसवर या, पण त्यापुढे हलू नका.

आता माती. मुलांना वाटतं काळी माती म्हणजे सोनं. कापसाला, सोयाबीनला असेल. कोवळ्या रोपाला ती पावसात बुडवते आणि उन्हाळ्यात तोडते. एप्रिलमध्ये मी वर्ग मैदानाच्या कडेला नेत असे आणि एखाद्याला कंपासमधली पट्टी भेगेत उभी सोडायला सांगत असे. पंधरा सेंटीमीटरची पट्टी अख्खी आत जायची, आणि ती परत काढायला सब्बल लागायची (पहार म्हटलं तर इकडे कुणाला कळत नाही). माती आक्रसते तेव्हा त्या भेगेत आलेलं मूळ तटकन तुटतं. पाणी घालूनही रोप वाळतं ते यामुळे, आणि बोलणी खातो माळी.

म्हणून खड्डे मे महिन्यातच खणून घ्या, दोन फूट लांब, रुंद आणि खोल. उन्हात तापू द्या. भरताना एक भाग काढलेली माती, एक भाग मुरूम, एक भाग खत. वर थोडा उंचवटा ठेवा म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याशी पाणी साचणार नाही. पाऊस संपला की बुंध्याभोवती वीतभर पाला पसरा, खोडाला न चिकटवता. पाल्याखाली माती कमी फाटते. एवढ्या एका गोष्टीने आमची निम्मी झाडं वाचली असतील.

खत विकत आणू नका. ते करण्यातच क्लबची खरी गंमत आहे, आणि इंदूरच्या मुलांनी तर ते करायलाच हवं. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथे होते, आज कृषी महाविद्यालय आहे त्या जागेवर. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची जी रीत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. आपल्या मुलांना सराफ्यातली खाण्याची सगळी दुकानं तोंडपाठ, आणि हे एकालाही माहीत नसतं!

आत्ता फेब्रुवारी संपत आलाय, पिंपळ-कडुनिंबाची पानगळ तोंडावर आहे. तो पाला कचरागाडीत जाऊ देऊ नका. सावलीत, विटांच्या आळ्यात वीतभर सुका पाला, त्यावर ओलं काहीतरी (कापलेलं गवत, कॅन्टीनमधली भाजीची देठं, केळीची सालं), वर शेणाचं पातळ पाणी, मूठभर माती आणि राख. असे थर कमरेएवढे चढवा. कचोरी, सेव, तेलकट काहीही नको, उंदीर येतात. ओल किती? मूठ दाबली तर बोटांत पाणी दिसावं, पण गळू नये. शहरात आता गोठे दिसत नाहीत, त्यामुळे शेणासाठी खेड्यातून येणाऱ्या एखाद्या मुलाला गाठा. आमच्याकडे एक जण दर सोमवारी डबा भरून आणायचा आणि बसमध्ये शिव्या खायचा.

पाचव्या-सहाव्या दिवशी ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवा आणि दहा मिनिटांनी मुलांना बोट लावायला सांगा. चटका बसतो. जिवाणूंवरच्या माझ्या कुठल्याही तासाने जे झालं नाही ते त्या सळईने केलं. मागच्या बाकावरचा, प्रत्येक चाचणीत नापास होणारा मुलगा मला विचारत होता, “मॅडम, आत नेमकं काय जळतंय?” साधारण पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग उलथायचा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात रचलात तर जूनमध्ये, खड्डे भरायच्या वेळी, खत तयार.

ओला-सुका कचरा, पोस्टर, घोषणा यांत वेळ घालवू नका. सहा प्रकारचा कचरा वेगळा करणं इथल्या मुलांना घरीच येतं.

झाडांचं थोडक्यात. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात अर्जुन किंवा जांभूळ. मोकळ्या जागी कडुनिंब, करंज, बहावा. वर्गांच्या बाजूला बकुळ, वाढतो हळू पण सावली दाट. मुरमाड भागात सीताफळ. आंबा सगळ्यांना हवा असतो, पण साचलेलं पाणी त्याला सोसत नाही. इमारतीपासून वीस फूट तरी लांब राहा, वड-पिंपळ कुंपणाच्या भिंतीजवळ अजिबात नको. हात धुण्याच्या नळांचं पाणी जिथे वाहून जातं तिथे कर्दळीचा वाफा करा. चिखल जातो आणि डासही कमी होतात.

आता पुन्हा मे महिना. थोड्या थोड्या झाडांमागे चार-पाच मुलं, शाळेच्या जवळ राहणारी, आणि त्यांतली निदान दोन नववीची. दहावी-बारावीला जबाबदारी देऊ नका, बोर्डाच्या परीक्षेनंतर ती पोरं दिसत नाहीत. चौकीदाराकडे एक वही ठेवा, पाणी घालणाऱ्याने तारीख आणि झाडाचा नंबर लिहायचा. आणि चौकीदाराला सुट्टीच्या आधी एकदा चहा-पोहे खाऊ घालून विश्वासात घ्या. फाटक उघडणं त्याच्या हातात आहे, प्राचार्यांच्या नव्हे. ५ जूनचा पर्यावरण दिन सुट्टीतच येतो, तेव्हा त्या दिवशी समारंभ नको, फक्त वही तपासायला जा.

बहाव्याच्या शेंगा माझ्या गॅलरीत डबाभर आहेत, हव्या तर रामबागेत येऊन घेऊन जा. बी फार टणक असतं. पॉलिशपेपरवर एका बाजूने घासून रात्रभर पाण्यात टाकावं लागतं, नाहीतर महिनोन्‌महिने हलत नाही. घासायला नववीच्या मुलांना बसवा.