परवडणाऱ्या घरांच्या सोडतीत त्याच भागातील रहिवाशांना प्राधान्य द्यावे का?

माझ्या मते द्यावे, मात्र ठरावीक घरांपुरतेच, आणि स्थानिक कोणाला म्हणायचे हे आधी नीट ठरवून. मला मुंबईची परिस्थिती माहीत आहे, म्हणून तिच्याविषयीच लिहितो.

म्हाडाच्या सोडतीसाठी अधिवास प्रमाणपत्र लागते आणि ते साधारणपणे महाराष्ट्रातील १५ वर्षांच्या वास्तव्यावर मिळते. म्हणजे अट आजही आहे, पण ती राज्याची आहे, वॉर्डाची नाही. त्यामुळे परळमधील घरासाठी तिथल्याच चाळीत भाड्याने राहणारी, घरकाम करणारी बाई आणि नंदुरबारचा अर्जदार एकाच रांगेत उभे असतात. नंदुरबारच्या माणसाचा हक्क मला कमी लेखायचा नाही. परंतु त्या बाईची धुण्याभांड्याची कामे, मुलांची शाळा आणि सासूचे केईएममधले औषधपाणी हे सगळे चालत जाण्याच्या अंतरावर असते. भाडे परवडेना म्हणून तिला बदलापूर गाठावे लागले, तर पत्त्याबरोबर तिची कामेही सुटतात.

खरी अडचण पुराव्याची आहे. भाडेकरार ११ महिन्यांचा, वीजबिल घरमालकाच्या नावावर आणि रेशनकार्ड गावचे, अशा स्थितीत वॉर्डातील दीर्घ वास्तव्याचा कागद मागितला, तर ज्यांच्यासाठी प्राधान्य ठेवायचे तेच भाडेकरू बाद होतील. म्हणून मुलांच्या शाळेचे दाखले आणि पालिका रुग्णालयातील जुने केसपेपरही ग्राह्य धरावेत.

न्यूयॉर्कमध्ये अशा सोडतीतील निम्मी घरे त्या त्या भागातील रहिवाशांसाठी राखीव असत. त्यामुळे वंशानुसार विभागलेल्या वस्त्या तशाच राहतात, असा आक्षेप घेऊन २०१५ मध्ये दावा दाखल झाला आणि २०२४ च्या तडजोडीत हे प्रमाण २० टक्क्यांवर आणले गेले. जात, धर्म आणि आहार पाहून घर नाकारणाऱ्या सोसायट्या आपल्याकडेही आहेत, त्यामुळे निम्म्या घरांची मागणी मला मान्य नाही; पाचवा हिस्सा पुरेसा आहे.

हा हिस्सा अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटांतच असावा. २०२३ च्या मुंबईच्या सोडतीत ताडदेवच्या घरांच्या किमती साडेसात कोटींच्या घरात होत्या. तेथे प्राधान्य देऊन कोणाचेही विस्थापन टळत नाही. शिवाय घरकामगार, फेरीवाले, रिक्षाचालक यांच्याकडे पगाराची स्लिप नसल्याने बँका कर्ज देत नाहीत आणि सोडतीत लागलेले घर परत करण्याची वेळ येते, म्हणून प्राधान्याबरोबर त्यांच्या कर्जाला शासनाने हमी द्यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.