लेकीला टूर लीडर व्हायचंय, कोर्सचे 1 लाख 40 हजार भरू का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक टीवायला, इतिहास घेऊन, घर देवगड तालुक्यात, हापूसची कलमं, आणि तिच्या डोक्यात ग्रुप टूर काढायच्या, लोकांना फिरवायचं हेच बसलंय. तिचे बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. मुंबईची एक इन्स्टिट्यूट 11 महिन्यांच्या डिप्लोमाचे 1 लाख 40 हजार मागतेय, वर शंभर टक्के प्लेसमेंट सांगतेय. आणि तुम्ही विचारलंय की ही नुसती फिरायची हौस आहे की यावर पोट भरतं, आणि मुलीला झेपेल का.

पोट भरतं ताई. पण पैसे आत्ता भरू नका, आधी तिला हे काम जवळून बघू दे, कारण बाहेरून जे दिसतं ते फक्त फिरणं आणि खरं काम त्याच्या आधी टेबलावर होतं.

एक साधं उदाहरण देते. समजा तीन दिवसांची ट्रिप, 17 सीटर टेम्पो ट्रॅव्हलरचे डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता धरून 36 हजार. तिने 12 माणसं धरून माणशी 3 हजार लावले आणि ऐनवेळी एक कुटुंब गळालं, 9 च आले, तर गाडीवाल्याला 36 हजार द्यायचेच आहेत ना, म्हणजे 9 हजार तिच्या खिशातून गेले. म्हणून जुने लोक कॉस्टिंग नेहमी कमीत कमी माणसांवर करतात आणि कॅन्सलेशनचे नियम ॲडव्हान्स घेतानाच लिहून देतात. मग रूमिंग लिस्ट, कोण ट्विन, कोणाला एक्स्ट्रा बेड, कोणाला गुडघ्यामुळे तळमजलाच हवा, कोणाचा गुरुवार, कोण मासे खात नाही. रेल्वेचं रिझर्वेशन 2024 च्या नोव्हेंबरपासून 120 च्या ऐवजी 60 दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच जण बसतात, म्हणजे 30 जणांचा ग्रुप एका डब्यात आणायचा तर त्या दिवशी सकाळी किती धावपळ होते विचार करा.

रस्त्यावरचं काम आणखी वेगळं. दापोलीहून गुहागरला जायचं तर दाभोळ–धोपावे फेरीबोटीने मोठा वळसा वाचतो, पण लाँग वीकेंडला जेटीवर गाड्यांची रांग लागली की गुहागरला सांगितलेलं जेवण तासभर पुढे, मग डायबिटीसवाले आजोबा चिडतात, आणि ते चिडणं योग्यच आहे. चांगली टूर लीडर बिस्किटं, राजगिऱ्याचे लाडू हाताशी ठेवते, जेवणवाल्या काकूंना रांगेतूनच फोन करते, आणि गाडी सुटण्याआधी माणसं मोजते, प्रत्येक वेळी, दोनदा. घाटात उलटी होणाऱ्याला पुढची सीट द्यायची आणि पुढे बसायला रोज हट्ट करणाऱ्याला न दुखावता मागे न्यायचं, हे कुठल्या डिप्लोमात शिकवत नाहीत. वेळासला कासवांची पिल्लं बघायला नेताना "नक्की दिसतील" असं कबूल करायचं नाही, हेही तिने आत्तापासून मनात पक्कं करावं.

आणि इतिहास. इथे तुमची लेक खरंच पुढे आहे. तुमच्या तालुक्यातलाच विजयदुर्ग घ्या, तिथले साहेबाचे कट्टे, म्हणजे दुर्बिणीसाठीचे जुने चौथरे, दाखवून "इथेच हेलियमचा शोध लागला" असं सर्रास सांगतात. मी एकदा एका ग्रुपबरोबर तिथे उभी होते, त्यातल्या फिजिक्सच्या एका रिटायर्ड सरांनी शांतपणे विचारलं, हेलियमच्या शोधात ज्यांचं नाव घेतात ते इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर 1868 ला इथे होते का हो? सांगणारा मुलगा गप्प झाला, मला फार वाईट वाटलं कारण मुलगा हुशार होता, त्याला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. 18 ऑगस्ट 1868 चं ते सूर्यग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिलं, लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून सूर्यप्रकाशातली हेलियमची ती पिवळी रेघ टिपली, आणि ते विजयदुर्गला आले ते जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. ही खरी गोष्ट काय कमी भारी आहे का? 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत 12 किल्ले गेले त्यात सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत, आता येणारा माणूस वाचून येणार, प्रश्न विचारणार. फक्त एक लक्षात ठेवा, टूर लीडर ग्रुप सांभाळते, गाइड जागेची माहिती सांगतो, ही दोन वेगळी कामं. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात गाइड म्हणून काम करायला लायसन्स लागतं.

मुलगी म्हणून काळजी वाटते ते मला समजतं, माझीही लेक आहे. "मुलींना नको" असं मी म्हणणार नाही, फॅमिली ग्रुपमधल्या बायकांना तर लेडी टूर लीडर असली की किती मोकळं वाटतं. पण जॉइन होताना तिने तोंडावर विचारावं, टूरवर मला स्वतंत्र रूम मिळणार का, इन्शुरन्स आहे का, रात्री काही झालं तर ऑफिसमधून फोन कोण उचलणार, दिवसाचे पैसे किती आणि दोन टूरच्या मध्ये पगार चालू राहतो का. उत्तरं गोलगोल आली तर तिथे नको.

सीझनचं गणित तुम्ही बागायतदार, तुम्हाला मी काय सांगू, वर्षाची कमाई दोन-तीन महिन्यांत कशी होते ते तुम्ही घरात बघताच. इथे पावसाळ्यात समुद्रातल्या बोटी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाता येत नाही, कोकण रेल्वेचं टाइमटेबलही बदलतं. पण लडाखचा सीझन नेमका जून ते सप्टेंबर असतो, त्यामुळे मोठ्या कंपनीत काम थांबत नाही. स्वतःचं सुरू करायचं तर मात्र ते चार महिने आधीच हिशेबात धरावे लागतात.

कोर्सबद्दल. ती इन्स्टिट्यूट वाईट आहे असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही, पण माझ्याकडची एक मुलगी अशाच कुठेतरी भरपूर फी भरून गेली आणि प्लेसमेंट म्हणजे पॅकेज विकायला दिवसभर फोन करायची नोकरी निघाली. म्हणून मागच्या बॅचच्या चार मुलांशी स्वतः बोला, इन्स्टिट्यूटने दिलेल्या नंबरांवर नाही. इग्नूचा टुरिझमचा डिप्लोमा नोकरी करता करता घरून होतो, आणि पुढे एमबीए करायचंच तर केंद्र सरकारच्या आयआयटीटीएम या टुरिझम शिकवणाऱ्या संस्थेचं सेंटर गोव्यात आहे, तुम्हाला मुंबईपेक्षा जवळ. हिंदी आणि इंग्लिश बोलण्याची सवय मात्र तिने आजपासून करावी, लाज न बाळगता.

आता बाबांसाठी. एक वर्ष मागा त्यांच्याकडे, बँकेचा फॉर्मही भरू दे, भांडण नको. दिवाळीनंतर तिला कॉलेजच्या किंवा मावशी-आत्यांच्या 12 जणांची दोन दिवसांची ट्रिप काढायला सांगा, विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण, घरच्या पैशांची मदत न घेता. आधी एकदा एकटीने, किंवा तुम्हाला बरोबर घेऊन, सगळा रस्ता बघून येऊ दे, प्रत्येक थांब्यावरचं टॉयलेट आत जाऊन बघू दे. आणि निघायच्या आधी कॉस्टिंगचा कागद मला पाठवायला सांगा, गाडीचे पैसे तिने किती माणसांवर भागलेत ते मी पहिलं बघेन.