वाचकांचे प्रश्न : प्रिंटरचं कॅरेज अडकतं तेव्हा

प्रश्न : इंकजेट प्रिंटर सुरू केला की कॅरेज (शाई सोडणारं हेड घेऊन इकडून तिकडे धावणारा भाग) थोडं सरकतं, जोरात एका बाजूला आपटतं आणि थांबतं. पडद्यावर 'कॅरेज जॅम' दिसतं. कागद कुठेच अडकलेला नाही. काय तपासावं?

उत्तर : तुम्ही 'आपटतं' म्हणता, त्यातच अर्धं निदान आहे. खरोखर अडकलेलं कॅरेज जागीच कुरकुरतं. आपटतं ते आपण कुठे आहोत हे न कळल्यामुळे. कॅरेजच्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पातळ, पारदर्शक पट्टी ताणलेली असते : एन्कोडर स्ट्रिप. तिच्यावरच्या बारीक उभ्या रेघा कॅरेजवरचा सेन्सर मोजत जातो. तिथे शाई किंवा ग्रीस लागलं की मोजणी चुकते.

आधी खात्री करा. प्रिंटर चालू ठेवून झाकण उघडा, कॅरेज मधोमध आलं की वायर काढा आणि ते हाताने हळू सरकवा. एकाच जागी अडत असेल तर तिथे कागदाचा कपटा, टाचणी किंवा नीट न बसलेलं कार्ट्रिज शोधा. टाकीच्या प्रिंटरमध्ये शाईच्या नळ्याही वर येऊन अडकतात. सगळीकडे सहज सरकलं, तर संशय पट्टीवर.

चष्म्याचं कापड डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलसर करा, पट्टी दोन बोटांत हलकेच धरून टोकापर्यंत पुसा, मग कोरड्या बाजूने. अल्कोहोल नको, काही पट्ट्यांवरच्या रेघाच त्याने पुसल्या जातात. पट्टी हुकातून निसटली तर परत लावताना ती सेन्सरच्या खाचेतूनच गेली पाहिजे; बाहेरून गेली तर कॅरेज पुन्हा आपटणार.

कॅरेज ज्या दांडीवर धावतं ती काळी, चिकट झाली असेल तर पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या. गंज सोडवायचा स्प्रे मात्र आत मारू नका. तो उडून पट्टीवर बसतो आणि दांडीवरचं ग्रीसही धुऊन नेतो.

प्रश्न : प्रिंटर दोन महिने बंद होता. आता कॅरेज उजव्या टोकाला घट्ट बसलंय, नुसता गुरगुर आवाज येतो. ओढून काढू का?

उत्तर : नको. तिथे हेडखाली रबरी कॅप असते आणि बऱ्याच मॉडेलमध्ये कॅरेज रोखणारा लॉकही. ओढलं तर लॉक मोडतो किंवा कॅरेज ओढणारा पट्टा दातांवरून उतरतो. बहुतेक वेळा वाळलेल्या शाईने हेड कॅपला चिकटलेलं असतं. वायर काढा, सिरिंजने कोमट डिस्टिल्ड वॉटरचे तीन-चार थेंब हेड आणि कॅपच्या फटीत सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. जास्त पाणी कार्ट्रिजच्या तांब्याच्या संपर्कबिंदूंपर्यंत पोचलं तर नवंच दुखणं. सकाळी आजूबाजूला ओल नाही ना ते बघून मगच सुरू करा. सुटलं की प्रिंटरमधलं हेड क्लिनिंग चालवा, एकदा, फार तर दोनदा. त्यात शाई बरीच जाते.