हायस्कूलमध्ये यंदा पहिल्यांदाच मुलींचा संघ काढतोय. खो-खो घ्यावा की कबड्डी? आणि मुली टिकतील का?

खो-खो घ्या. दोन खांब, फक्की आणि सुतळी एवढ्यावर मैदान आखून होतं. शाळा उघडल्या उघडल्या सराव धरलात तर तालुक्यापर्यंत बारा मुली उभ्या राहतात. झालं तुमचं उत्तर. पण ते शेवटी जोडलेलं "मुली टिकतील का" वाचलं आणि गप्प बसवेना. हे वाक्य मी माहेरी पंचवीस वर्षांहून जास्त ऐकतेय.

१९९८ साल. साताऱ्याच्या माण तालुक्यातलं हायस्कूल, मी नववीत. मुलांचा कबड्डीचा संघ आधीपासून होता, त्यांच्या ढाली ऑफिसातल्या कपाटावर धूळ खात असायच्या. आमचा दादा त्यात चढाई करायचा, त्यामुळे घरात त्याचा रुबाब. त्या वर्षी मुलींचा संघ काढायचं मनावर घेतलं ते मराठीच्या बाईंनी. पीटीच्या सरांनी नाही, हे मुद्दाम लिहितेय. बाई स्वतः कधी खेळल्या नव्हत्या. नियमांचं पुस्तक हातात धरून, चष्मा वर सरकवत त्या "आता तिसरी तुकडी आत" असं ओरडायच्या.

खांब गावच्या सुताराने बाभळीचे करून दिले. आम्ही फुटक्या बाटलीच्या काचेने खरवडून खरवडून गुळगुळीत केले, तरी खांब मारला की तळहातात कुसळ जायचंच. मैदान म्हणजे निव्वळ मुरूम. सूर मारला की कोपरापासून मनगटापर्यंत साल निघायची. घरी कळू नये म्हणून मी आठवडाभर भावाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरले. आईला सगळं कळत होतं. ती रात्री काही न बोलता हळद-तेलाची वाटी उशाशी ठेवून जायची.

खेळाचे कपडे? "गाव काय म्हणेल" म्हणून पंजाबी ड्रेस, ओढणीसकट. तिरकी घ्यायची, कमरेला गाठ मारायची, खांद्यावर सेफ्टी पिन. दहिवडीला तालुक्याच्या सामन्यात दुसऱ्या डावाला मी पळतीला होते. दोघी बाद झालेल्या, मी एकटी. खांबाला वळसा घातला आणि कमरेची गाठ सुटली. ओढणी पायाखाली आली, मी तोंडावर. समोरच्या संघातली मुलगी पळतसुद्धा आली नाही. चालत आली, पाठीवर हात टेकवला आणि म्हणाली, "लागलं का गं?" तीन गुणांनी गेलो.

हरल्याचं दुःख दोन दिवस टिकलं. खरा घोटाळा परतीला झाला. सामने लांबले, शेवटची एसटी गेली. कांद्याच्या टेंपोत गोण्यांवर बसून रात्री साडेनऊला गावात उतरलो, तर स्टँडवर बाराजणींचे बाप उभे. माझे वडील काही बोलले नाहीत, सायकल हातात धरून पुढे चालायला लागले. दुसऱ्या दिवसापासून वाडीवरच्या चौघी बंद. पुढच्या जूनमध्ये बाईंची बदली झाली आणि संघ तिथेच संपला. सरांनी निकाल देऊन टाकला, "पोरीच टिकत न्हाईत." दादाने तो पाठ केला.

आता माझं ऐका. मी कॅप्टन होते, हजेरी मी मांडायचे. ती शंभर पानी वही अजून माझ्याकडे आहे. गैरहजर मुलीपुढे कारण लिहायचं, असा बाईंचा नियम होता. कारणं तीनच सापडतात: 'गाडी', 'टँकर', 'पोट'. टँकर म्हणजे पाणी भरायला थांबली, पोट म्हणजे काय ते बायकांना सांगायला नको. सगळ्यात जास्त वेळा 'गाडी'. 'कंटाळा' एकदाही नाही.

म्हणून शिट्टी घ्यायच्या आधी संध्याकाळी पाच वाजता तुमच्या फाट्यावर जाऊन उभे राहा. कुठल्या वाडीची गाडी किती वाजता सुटते, ते वहीत लिहा. मुलींना एसटीचा पास आता फुकट मिळतो, पण गाडीच सव्वापाचला निघून गेली तर पास दाखवायचा कुणाला? सराव शेवटच्या दोन तासांत बसवा, मुख्याध्यापकांशी भांडावं लागलं तरी. टी-शर्ट आणि ट्रॅक पँटचे पैसे पहिल्याच दिवशी मागून घ्या. मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का, स्वतः बघा. बरोबर जाणारी एक बाई पक्की करा. खेळ त्यानंतर. पोरी पळायला तयारच असतात हो.

२०१६ला ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, दहावी आली. मोहीची, आमच्याच माणची, आणि सुरुवात खो-खोतूनच. तेव्हा दादाने तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, "आपल्या मातीतली वाघीण". मी खाली विचारलं, आणि ते "टिकत नाहीत"चं काय? त्याने अंगठा पाठवला.

यंदा त्याची धाकटी आठवीत आहे, कबड्डीत निवड झालीय. रोज संध्याकाळी दादा मोटारसायकल घेऊन शाळेच्या गेटवर. दिवाळीला मी म्हटलं, एवढी यातायात कशाला? तर म्हणतो, "अगं, त्या टायमाला गाडीच नसते." मी वही आणायला उठले, तेव्हा वहिनीने हात धरून बसवलं.

एक राहिलं. वर सरळ खो-खो घ्या म्हटलं खरं, पण त्याला २७ बाय १६ मीटर सपाट जागा लागते, वर कडेची मोकळी जागा वेगळी. मुलींच्या कबड्डीचं मैदान १२ बाय ८ मध्ये बसतं. शाळेमागे लगेच ओढा असेल तर गुपचूप कबड्डी घ्या. माझं सगळं जुनं आहे, शालेय स्पर्धेचे १४, १७, १९ हे वयोगट आणि लागणारे दाखले तालुक्याच्या क्रीडा संयोजकांकडून नीट विचारून घ्या. आणि खो-खोच घेतलात तर खांब बाभळीचे नकोत.