ऑस्ट्रेलिया आणि युरोव्हिजन: सही करायच्या आधी विचारा

मे महिन्यात युरोव्हिजन (युरोपातली देशादेशांमधली गाण्यांची स्पर्धा) झालं की पुढचे काही आठवडे मला तेच तेच प्रश्न येत राहतात. मी मेलबर्नमध्ये संगीताचे करार आणि कॉपीराइट बघणारी वकील आहे, आणि आपल्या मराठी मंडळींच्या घरात आता गाणारी, स्वतः गाणी लिहिणारी पोरं खूप आहेत, त्यामुळे प्रश्न येणारच. पण व्हॉट्सॲपवर फिरणारी अर्धवट माहिती वाचून लोक कागदांवर सह्या करतात याची मला खरंच काळजी वाटते. म्हणून यावेळी सगळ्यांना एकत्र उत्तरं देते.

ताई, ऑस्ट्रेलिया युरोपात नाही, मग त्यात कशी? आणि मग भारत का नाही? (सिडनी)

युरोव्हिजनमध्ये देश नाही तर त्या देशाची प्रसारण संस्था भाग घेते, आणि स्पर्धा चालवते ईबीयू, म्हणजे युरोपातल्या प्रसारण संस्थांची संघटना. आपल्याकडे एसबीएस ही ऑस्ट्रेलियाची सार्वजनिक प्रसारण संस्था १९८३ पासून ही स्पर्धा दाखवतंय, इथे बाहेरून आलेल्या लोकांनी ती वर्षानुवर्षं बघितली. २०१४ मध्ये कोपनहेगनला इथली गायिका जेसिका मॉबॉय पाहुणी म्हणून गायली, आणि २०१५ला साठाव्या स्पर्धेच्या निमित्ताने ऑस्ट्रेलियाला बोलावलं ते खरं तर एकदाच म्हणून. आपला गायक गाय सेबॅस्टियन पाचवा आला आणि मग पुन्हा बोलावणं आलं. पण एसबीएस ईबीयूची सहयोगी सदस्य आहे, पूर्ण नाही, त्यामुळे आपण आमंत्रणावर जातो, हक्काने नाही. भारत युरोपीय प्रसारण क्षेत्राच्या बाहेर आहे आणि तसं आमंत्रण नाही. एवढंच.

आपण जिंकलो तर पुढच्या वर्षी स्पर्धा सिडनीत का? (ब्रिस्बेन)

नाही. युरोपातच, तिथल्या एखाद्या प्रसारण संस्थेसोबत.

२०१६ला आपली दामी इम ज्युरीत पहिली होती, मग तिला मुद्दाम हरवलं असं म्हणतात, खरं आहे का? (ॲडलेड)

खोटं आहे, आणि दरवर्षी कोणीतरी हे परत फिरवतं. ज्युरीने, म्हणजे प्रत्येक देशातल्या संगीत जाणकारांच्या मंडळाने, दामीला ३२० गुण दिले, युक्रेनच्या जमालाला २११. प्रेक्षकांचे दामीला १९१, जमालाला ३२३. बेरीज करा, ५११ आणि ५३४. प्रेक्षकांच्या मतात तर पहिला रशिया होता, तो एकूणात तिसरा आला. दोन्हीकडचे गुण मिळवूनच निकाल लागतो हो, यात कारस्थान कुठे आलं? उलट आपलं दुखणं प्रेक्षकांच्या मतात आहे हे लक्षात घ्या. २०१७ला आपल्या आयझायाला ज्युरीने १७१ गुण दिले आणि प्रेक्षकांनी फक्त २. २०२३ ते २०२५ सेमीफायनल नुसत्या प्रेक्षकांच्या मतांवर होती, त्यात २०२३ला आपला व्हॉयेजर हा बँड पुढे गेला, पण २०२४ला इलेक्ट्रिक फील्ड्स आणि २०२५ला गो-जो तिथेच थांबले.

आमचे नातेवाईक पुण्यात आहेत, ते ऑस्ट्रेलियाला मत देऊ शकतात का? आम्ही इथून देतोच. (मेलबर्न)

तुम्ही इथून स्वतःच्या देशाला मत देऊ शकत नाही. पुण्याहून ऑनलाइन देता येतं, २०२३ पासून बाकीच्या जगासाठी ती सोय आहे, पण पैसे पडतात आणि कार्ड लागतं. फायनल पुण्यात रात्री साडेबाराला सुरू होते. मतदान फक्त स्पर्धेच्या अधिकृत साइटवरून, फॉरवर्ड आलेल्या लिंकवर कार्डाचा नंबर टाकू नका.

मराठीत गाणं चालेल का? (पर्थ)

चालेल. १९९९ पासून भाषेचं बंधन नाही. २०२४ला इलेक्ट्रिक फील्ड्सच्या गाण्यात यांकुनिचाचारा ही इथली आदिवासी भाषा होती.

मुलगी १५ वर्षांची आहे, पीआर (कायमच्या वास्तव्याची परवानगी) अजून आलेलं नाही. अर्ज करू का? (मेलबर्न)

फायनलच्या दिवशी १६ पूर्ण लागतात, त्यामुळे आधी तारीख बघा. नागरिकत्वाची अट ईबीयूची नाही, सेलीन डियॉन कॅनडाची, १९८८ला स्वित्झर्लंडकडून जिंकली. पण एसबीएस स्वतःच्या अटी घालू शकतं, त्या त्या वर्षीच्या त्यांच्याकडूनच वाचा, मैत्रिणीने काय सांगितलं ते सोडा. आणि व्हिसावर कामाच्या अटी असतील तर नोंदणीकृत मायग्रेशन एजंटला विचारल्याशिवाय एक डॉलरचंसुद्धा काम घेऊ नका. अठराच्या खालच्या मुलांचे करार हा वेगळाच विषय आहे, त्यासाठी वकिलाला भेटाच.

ऑगस्टमध्ये मुलाने स्वतःचं गाणं मंडळाच्या कार्यक्रमात म्हटलं आणि कोणीतरी यूट्यूबवर टाकलं. आता बाद का? (सिडनी)

लगेच बाद नाही. नियम असा की गाणं आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरच्या आधी व्यावसायिकरीत्या रिलीज झालेलं नसावं. मंडळाचा व्हिडिओ आणि स्पॉटिफायवर रिलीज यात फरक आहे, पण तो फरक तुम्ही ठरवायचा नाही. व्हिडिओ गुपचूप डिलीट करून गप्प बसू नका, अर्जात स्पष्ट लिहा आणि विचारा.

तुकोबांच्या अभंगावर गाणं केलं तर कॉपीराइट नाही ना? (कॅनबेरा)

शब्दांवर नाही. पण तुम्हाला जी चाल येते ती बहुतेक विसाव्या शतकातल्या कुठल्यातरी संगीतकाराची असते आणि तिच्यावर असू शकतो, रेकॉर्डिंगवर आणखी वेगळा. "पारंपरिक चाल आहे" हे मी इतक्यांदा ऐकलंय, आणि शोधायला गेलं की संगीतकाराचं नाव निघतं. शिवाय स्पर्धेला गाणं नवीन लागतं. चाल पूर्ण स्वतःची करा, आणि तरी एकदा दाखवून घ्या.

गाणं रजिस्टर करायला किती खर्च येतो? (पर्थ)

शून्य. ऑस्ट्रेलियात कॉपीराइटची नोंदणीच नसते. कोणी त्यासाठी पैसे मागितले तर उठून निघून या.

एक एजन्सी म्हणते साडेचार हजार डॉलर भरा, ज्युरीत आमची ओळख आहे, गाणं एसबीएसपर्यंत पोचवू. करार पाठवलाय, शुक्रवारपर्यंत ऑनलाइन सही करायची आहे. मुलगा १९ वर्षांचा आहे. काय करू? (मेलबर्न)

सही करू देऊ नका. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा सही झाल्यावर येतो, म्हणून तुम्ही आधी विचारलंत याचं मला फार बरं वाटलं.

पहिली गोष्ट, ज्युरीतली ओळख. ऑस्ट्रेलियाची ज्युरी ऑस्ट्रेलियाला गुण देऊच शकत नाही, मग ती ओळख मुख्य स्पर्धेत कशी उपयोगाला येणार? आणि इथली निवड एसबीएस करतं. २०१९, २०२० आणि २०२२ला गोल्ड कोस्टला टीव्हीवर जाहीर निवड झाली, २०२३ पासून व्हॉयेजर काय, गो-जो काय, एसबीएसने स्वतःच निवडले. पुढच्या वर्षी काय पद्धत असेल ते एसबीएसच सांगेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, साडेचार हजार तर गेलेच पण खरं नुकसान करारात असतं. "सर्व हक्क, संपूर्ण जगात, कायमस्वरूपी" अशी ओळ शोधा. इथल्या कायद्यात कॉपीराइट दुसऱ्याच्या नावावर करायला लेखी आणि सही केलेला कागद लागतो, म्हणजे तोंडी काहीही बोललं तरी तुमचं गाणं तुमचंच राहतं, आणि सही केली की गेलं, आणि मोबाइलवर बोटाने केलेली सहीसुद्धा सहीच. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग हे तीन वेगळे हक्क आहेत, एका वाक्यात तिन्ही जाऊ शकतात, आणि गाण्याचा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी सही केलेला कागद त्याच्या नातवंडांपर्यंत जातो. लेखक म्हणून नाव राहण्याचा नैतिक हक्क विकता येत नाही, पण तो मोडायला संमती दिल्याची ओळ करारात घुसवतात, तीही बघा.

मुलगा ॲप्रा-ॲमकॉसचा (गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्य आहे का? असेल तर जाहीर सादरीकरणाचा हक्क त्याने आधीच ॲप्राला दिलेला आहे, तोच परत एजन्सीला देतो म्हणून सही केली तर नवा करार पहिल्या दिवशीच मोडला. गाणं मित्रांबरोबर लिहिलंय का? मग कोणाचा किती टक्के हे आजच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, गाणं चालायला लागल्यावर हे बोलणं फार अवघड होतं, मी चांगल्या मैत्र्या यावरून तुटताना बघितल्यात.

आणि शुक्रवारपर्यंतच का? खऱ्या संगीत प्रकाशकाला तुम्ही वकिलाला दाखवायला दोन आठवडे मागितले तर तो देतो. जो घाई करतो त्याला तुम्ही वाचू नये असंच वाटत असतं. आर्ट्स लॉ सेंटर ऑफ ऑस्ट्रेलिया कलाकारांना कमी खर्चात कायदेशीर सल्ला देतं, करार त्यांच्याकडे न्या किंवा या विषयातल्या कुठल्याही वकिलाकडे, पण कॉन्व्हेयन्सिंग (घरांच्या खरेदी-विक्रीचे कागद) करणाऱ्या ओळखीच्या वकिलाकडे नको.

स्पर्धेत गेलं तर नोकरी सोडावी लागते का? (पर्थ)

तसा नियम नाही. तुमच्याच पर्थच्या व्हॉयेजरचा गायक डॅनी एस्ट्रिन व्यवसायाने इमिग्रेशन वकील आहे, आणि २०२३ला लिव्हरपूलला ते नववे आले. पण नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा, आणि एचआरकडून लेखी परवानगी घ्या.